भांडणापुरते दोन

प्रेमात भांडण का असते, हा प्रश्न वरवर पाहता संसारातला आणि काहीसा थट्टेचा वाटतो. परंतु भक्तीच्या आणि वेदान्ताच्या विचारात तो आला की त्याचे स्वरूप पालटते. जेथे दोन माणसे एकमेकांवर प्रेम करतात तेथे त्यांच्यात खटके उडणे स्वाभाविक मानले, तरी ज्या तत्त्वज्ञानाच्या मते अंती दुसरे असे काही नाहीच, त्या अद्वैताच्या भूमीवर भांडण कोणी कोणाशी करायचे, आणि देवाशी एकरूप झाल्यावरही भक्त देवावर रुसत असेल तर ते रुसणे अज्ञानाचा अवशेष समजायचे की प्रेमाची परिपक्व अवस्था, असा हा प्रश्न आहे. मराठी परंपरेत तो केवळ पंडितांच्या चर्चेत राहिलेला नाही. संतांच्या आख्यायिका, अभंग, गौळणी आणि शाहिरांचे सवाल-जवाब यांतून तो सतत खेळवला गेला आहे. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील दोन स्थाने, कयाधू नदीच्या काठचे नर्सी नामदेव आणि बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे औंढा नागनाथ, ही या प्रश्नाची दोन टोके मानता येतात. पहिले स्थान देवाशी हक्काने भांडणाऱ्या भक्ताचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध आहे, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच भक्ताला देव सर्वत्र आहे, म्हणजेच भांडायला वेगळा कोणी उरत नाही, हा बोध झाला असे परंपरा सांगते.

प्रेमकलह ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने घ्यावयाची आहे. संस्कृत साहित्यशास्त्राने शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे मीलनाचा आणि वियोगाचा, असे दोन भाग केले, आणि विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास व करुण असे चार प्रकार सांगितले. त्यांतील मान म्हणजे रुसवा. हा रुसवा पुन्हा दोन तऱ्हांचा असतो: प्रियकराचे मन दुसरीकडे गेल्याच्या संशयातून येतो तो ईर्ष्यामान, आणि काही कारण नसताना केवळ प्रेमाच्या भरात येतो तो प्रणयमान. या वर्गीकरणातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की रुसलेली दोन माणसे एकाच घरात, प्रसंगी एकाच शेजेवर असली, तरी शास्त्रकारांनी त्यांची अवस्था वियोगात घातली आहे. म्हणजे अंतर मोजण्याचे त्यांचे माप पावलांचे नाही. जवळ असलेल्या माणसाने क्षणभर दुसरे होणे हाच त्यांच्या लेखी वियोग आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ नायिकांमध्ये कलहान्तरिता, म्हणजे भांडून प्रियकराला परत पाठवणारी आणि मग हळहळणारी नायिका, येते; आणि सातवाहन राजा हाल याने संकलित केल्याचे मानले जाते त्या महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत तर रुसून झोपेचे सोंग घेतलेल्या, पण कान टवकारून पडलेल्या जोडप्यांची चित्रे आहेत. गोदाकाठच्या पैठणशी जोडलेला हा ग्रंथ पाहता, प्रेमकलहाचे कौतुक या भूमीला भक्तिसंप्रदायांच्या पुष्कळ आधीपासून होते, असे म्हणता येते.

इतर देशांच्या साहित्यातही हे कौतुक आढळते, परंतु तेथे भांडणाला दिलेली जागा निराळी आहे आणि तो फरक पाहिल्याने मराठी परंपरेचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. इंग्लंडमध्ये राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्यामुळे त्याच्या युवराजाने १८११ ते १८२० या काळात राजप्रतिनिधी म्हणून कारभार केला. या काळाला तेथे रीजन्सी म्हणतात. याच काळात, १८१३ साली, जेन ऑस्टिन हिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि पुढे विसाव्या शतकात त्या काळाची पार्श्वभूमी घेऊन चुरचुरीत संवादांच्या प्रेमकथा लिहिण्याचा एक स्वतंत्र प्रकारच इंग्रजीत रूढ झाला. या कथांतील नायक आणि नायिका आरंभी प्रतिस्पर्धी असतात, ते एकमेकांना शब्दांत पकडतात, हार मानत नाहीत आणि अखेरीस आपापल्या अहंकाराची व पूर्वग्रहाची ओळख पटून विवाहबद्ध होतात. येथे भांडण गैरसमजातून जन्मते आणि आत्मज्ञानाने संपते. ते प्रेमाच्या घराचा उंबरठा आहे, आणि उंबरठा ओलांडला की कथेचे काम संपते. मराठी भक्तिपरंपरेतील भांडण मात्र घराच्या आतले आहे. तेथे लग्न लागून युगे लोटली आहेत, गैरसमज असा काही राहिलेला नाही, आणि तरीही वाद चालू आहे. म्हणून गैरसमज हे त्याचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही आणि दुसरे कारण शोधावे लागते.

त्या कारणाची पहिली खूण भागवत पुराणाच्या दशम स्कंधातील साठाव्या अध्यायात सापडते. तेथे कृष्ण एकांतात रुक्मिणीला चिडवतो: मोठमोठे राजे मागणी घालत असताना तिने शत्रूंच्या भीतीने समुद्रात जाऊन राहिलेल्या, जवळ काही नसलेल्या माणसाला वरले ही चूक झाली, अजूनही एखादा योग्य क्षत्रिय तिने पाहावा, असे तो म्हणतो. रुक्मिणी हे बोलणे खरे धरते, तिच्या हातातील चवरी गळते आणि ती मूर्च्छित पडते. तिला सावरल्यावर कृष्ण सांगतो की हे सर्व तिचे उत्तर ऐकण्यासाठी, तिच्या भुवया वक्र झालेल्या पाहण्यासाठी केलेले बोलणे होते, आणि प्रिय व्यक्तीशी थट्टेत वेळ जावा हाच गृहस्थाश्रमातील मोठा लाभ आहे. यानंतर रुक्मिणी जे उत्तर देते ते तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मोलाचे आहे. ती कृष्णाचा एकेक आरोप घेते आणि तो मान्य करूनच उलटवते. त्याच्याजवळ काही नाही हे खरे, असे ती म्हणते, कारण त्याच्याबाहेर काही असतच नाही. येथे अद्वैताचा सिद्धान्त ग्रंथातल्या प्रतिज्ञेसारखा न येता बायकोने नवऱ्याला दिलेल्या टोल्यासारखा येतो, आणि तो सिद्धान्त उच्चारता यावा म्हणून आधी कोणीतरी आरोप करणारा लागतो.

भागवतात चिडवणारा कृष्ण आहे आणि घाबरणारी रुक्मिणी आहे. पंढरपूरच्या लोककथेने या दोघांच्या जागा बदलल्या. या कथेनुसार राधेला कृष्णाच्या मांडीवर बसलेली पाहून रुक्मिणी द्वारकेतून रुसून निघाली आणि पंढरपूरजवळच्या दिंडीरवनात येऊन बसली, आणि तिची समजूत काढण्यासाठी कृष्ण तिच्या मागोमाग आला. पुंडलिकासाठी देव विटेवर उभा राहिला ही कथा अधिक प्रसिद्ध असली, तरी देवाला द्वारकेहून भीमेच्या काठी आणण्याचे श्रेय लोकमानसाने रुक्मिणीच्या रुसव्यालाही दिलेले आहे. विठ्ठलाच्या गाभाऱ्यात त्याच्या शेजारी रुक्मिणी नाही, तिचे देऊळ त्याच आवारात पण स्वतंत्र आहे, या वस्तुस्थितीचा लोकांनी लावलेला अर्थ हाच आहे की रुसवा अजून पुरता निवळलेला नाही. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या कथेमागील लोकदैवतांच्या थरांची चिकित्सा केली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातून एवढेच घ्यावयाचे की ज्या देवाचा संप्रदाय समतेचा आणि अद्वैताचा मानला जातो, त्याच्या घराची रचनाच एका न मिटलेल्या भांडणावर उभी आहे आणि त्यात भक्तांना काही विपरीत वाटत नाही.

या घरात हक्काने शिरलेला भांडखोर म्हणजे नामदेव (१२७०–१३५०). त्यांच्या जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी शिंपी कुळातील दामाशेट आणि गोणाई यांचा हा मुलगा मूळचा नर्सीचा, अशी दृढ समजूत आहे आणि त्यांच्याच नावाने ते गाव ओळखले जाते. त्यांच्या चरित्रातील आख्यायिका एका क्रमाने वाचल्या तर ती भांडणांचीच माळ दिसते. बालपणी नैवेद्य घेऊन गेलेला नामा देव जेवत नाही म्हणून हटून बसतो आणि डोके आपटून घेण्याची धमकी देतो. मोठेपणी तेर येथे गोरोबा कुंभार जमलेल्या संतांच्या डोक्यांवर मडकी पारखण्याची थापटणी मारतात, तेव्हा बाकीचे निमूट राहतात आणि एकटे नामदेव संतापतात, त्यामुळे मडके कच्चे असल्याचा निवाडा होतो आणि वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईही त्यांना सुनावतात. हे गाऱ्हाणे घेऊन ते पंढरपूरला विठ्ठलाकडे जातात, तर जिवलग सखा मानलेला देवही त्या निवाड्यालाच दुजोरा देतो आणि गुरू करण्यासाठी औंढ्याला विसोबा खेचरांकडे जायला सांगतो. औंढ्याच्या देवळात एक म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला दिसतो, नामदेव त्यालाही बोलतात, आणि म्हातारा शांतपणे म्हणतो की जेथे देव नसेल तेथे आपले पाय उचलून ठेवावेत. नामदेव पाय जेथे ठेवतात तेथे पिंड उमटते; हा म्हाताराच विसोबा.

संतांशी, देवाशी आणि गुरूशी अशा या तीन भांडणांपैकी शेवटच्यात नामदेव निरुत्तर झाले. तर्काच्या दृष्टीने येथे भांडणाचा कायमचा शेवट व्हायला हवा होता. देव पिंडीत आहे आणि पायाखालच्या दगडातही आहे, तर तो भांडणाऱ्यातही आहे. मग तक्रार करणारा आणि तक्रार ऐकणारा हा भेद टिकावा कसा? नामदेवांच्या गाथेतील अभंग कालक्रमाने लावता येत नसल्यामुळे बोधापूर्वीचे कोणते आणि नंतरचे कोणते हे ठरवणे अवघड आहे. परंतु शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात समाविष्ट झालेली त्यांची ६१ पदे त्यांच्या उत्तर भारतातील, म्हणजे आयुष्याच्या उत्तरकाळातील, वास्तव्याशी जोडली जातात, आणि त्यांत सर्वव्यापी, निराकार ईश्वराचा पुरस्कार असूनही तक्रारीचा सूर लोपलेला नाही. देवळातून उठवून लावल्यावर पाठीमागे जाऊन बसलेल्या भक्ताकडे देऊळच फिरले, ही औंढ्याला सांगितली जाणारी कथा त्या पदांतही येते, आणि तेथे आपल्याला शिंप्याच्या कुळात जन्माला का घातले असा जाब देवाला विचारलेला आहे. देव सर्वत्र आहे हे ज्याला कळले आहे तोच हा जाब विचारतो. म्हणजे विसोबांच्या बोधाने भांडण संपले नाही. भांडायचे ते कोणत्या पायावर उभे राहून, एवढेच त्या बोधाने बदलले. नामदेवांच्या घरी वाढलेल्या गंगाखेडच्या जनाबाईंच्या नावावरील अभंगांतही दळताना-कांडताना शेजारी बसणाऱ्या विठोबाला एकेरीत हाक मारली जाते आणि राग आला की अस्सल मराठी शिव्याही दिल्या जातात. त्या ऐकून घेण्यात देवाला काही उणेपणा वाटल्याचे कोठेही नाही.

या विसंगतीचे सर्वांत खोल उत्तर ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात मिळते. दहा प्रकरणांच्या या ग्रंथाचे पहिले प्रकरण शिव आणि शक्ती या आदिदांपत्याच्या वर्णनाला वाहिलेले आहे. शिव म्हणजे शुद्ध असणे आणि शक्ती म्हणजे त्या असण्याचे प्रकट होणे, अशी स्थूल व्याख्या केली, तर ज्ञानेश्वरांचे म्हणणे असे मांडता येते की ही दोन तत्त्वे एकमेकांच्या ओढीने एकमेकांना गिळून एक होतात, आणि दोनपणाची गोडी चाखण्यासाठी पुन्हा वेगळी होतात. पतीला रूपच नाही याची लाज वाटून पत्नी त्याला नामरूपाच्या, म्हणजे सगळ्या जगाच्या, दागिन्यांनी मढवते. एक जागे झाले की दुसरे दिसेनासे होते. या वर्णनात द्वैत हा दोष म्हणून आलेला नाही. शंकराचार्यांच्या परंपरेत दोनपणाचा उगम अविद्येत, म्हणजे अज्ञानात, सांगितला जातो. ज्ञानेश्वरांनी सातव्या प्रकरणात अशा स्वतंत्र अज्ञानाचे दीर्घ खंडन केले आहे आणि दोनपणाचे मूळ आवडीत ठेवले आहे. ही आवड कोठेही शिकवलेली वा लादलेली नसल्यामुळे नवव्या प्रकरणात तिला सहज, अकृत्रिम भक्तीचे रूप येते, आणि तेथे एकच डोंगर कोरून देव, देऊळ आणि देवाचा परिवार घडवता येतो, तर एकाच तत्त्वात देव आणि भक्त हा व्यवहार का होऊ नये, असा दृष्टान्त दिला जातो. वेरूळचे कैलास लेणे ज्याने पाहिले आहे त्याला हा दृष्टान्त समजायला भाष्याची गरज लागत नाही.

हाच दृष्टान्त प्रेमकलहाला लावला तर मूळ प्रश्न सुटतो. एकाच खडकातून कोरलेल्या दोन मूर्ती समोरासमोर उभ्या राहू शकतात, तर त्या वादही घालू शकतात; त्या वादासाठी लागणारे अंतर खडकाने स्वतःतूनच दिलेले असते. वेरूळच्या एकाहून अधिक लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळत असल्याची शिल्पे आहेत, आणि त्यांत डाव मांडून बसलेल्या देवदंपतीमधील कुरबुर शिल्पकारांनी हातांच्या व चेहऱ्यांच्या ठेवणीतून दाखवली आहे. श्रीधरांच्या शिवलीलामृतामुळे (१७१८) हीच कथा मराठी घराघरांत वाचली गेली: शिव डावात सर्वस्व हरतो, रागावून वनात निघून जातो, आणि पार्वती भिल्लिणीचे रूप घेऊन त्याला परत वळवते. ज्याच्याबाहेर काहीच नाही तो डावात काय हरणार, असा प्रश्न येथे विचारता येतो. त्याला हरता यावे म्हणून पार्वती लागते, आणि रागावून निघून जाता यावे म्हणून जिला सोडून जायचे अशी कोणीतरी लागते, हे त्याचे उत्तर आहे. सर्वज्ञ आणि सर्वशक्तिमान असलेल्या ईश्वराला जे अनुभव एकट्याने घेता येणार नाहीत, ते हरणे, रुसणे आणि समजूत काढली जाणे हे होत, आणि शैव परंपरेने लीला या शब्दाखाली, म्हणजे प्रयोजनाशिवाय चाललेला खेळ या अर्थाने, ते त्याला बहाल केले आहेत.

तत्त्वज्ञानाचा हा वाद पेशवाईच्या अखेरच्या दशकांत, म्हणजे इंग्लंडमध्ये वर उल्लेखिलेली ऑस्टिनची कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच सुमारास, महाराष्ट्रात डफ-तुणतुण्यावर गायला जात होता. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९), सोलापूरचे राम जोशी, पुण्याचे होनाजी बाळा, तसेच सगनभाऊ, प्रभाकर आणि परशराम हे शाहीर दुसऱ्या बाजीरावाच्या काळाशी निगडित आहेत. हिंगोलीचा परिसर तेव्हा निजामाच्या राज्यात असला तरी भाषा आणि गाणे यांना ती सरहद्द नव्हती. शाहिरांच्या फडांत, म्हणजे पथकांत, कलगी आणि तुरा असे दोन पक्ष असत. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला, श्रेष्ठ मानत आणि कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला. सृष्टीची उत्पत्ती, पंचमहाभूते, देहातील चक्रे यांविषयी कूटप्रश्न घालणाऱ्या रचनेला भेदिक लावणी म्हणत, आणि एका फडाने घातलेल्या सवालाला दुसऱ्याने तेथल्या तेथे पद्यात जवाब द्यायचा असे. शिव आधी की शक्ती आधी, या एका प्रश्नावर रात्र सरत असे. परंतु पहाटे निकाल लागे तो फडाचा, सिद्धान्ताचा नव्हे. एका पक्षाने दुसऱ्याला तत्त्वतः कायमचे हरवले असते तर पुढच्या जत्रेला सवाल घालायला कोणी उरले नसते, हे दोन्ही पक्ष जाणून होते, आणि हे जाणून भांडणे म्हणजेच अमृतानुभवातील दांपत्याचे लोकरंगभूमीवरील रूप होय. तमाशात गणानंतर येणारी गौळणही याच घडणीची आहे: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो, दान म्हणजे जकात मागतो, गवळणी आणि त्यांच्यासोबतची मावशी त्याला शब्दागणिक अडवतात, आणि प्रेक्षकांना पक्के ठाऊक असते की अडवला जाणारा परमेश्वर आहे आणि अडवणाऱ्यांना त्याच्याच दर्शनाची ओढ आहे. कीर्तनकाराची विद्या लाभलेले राम जोशी आणि तमाशातील बया यांचे प्रेम सवाल-जवाबातून फुलवणारा ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट १९४७ साली आला, ग. दि. माडगूळकरांचे लेखन, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका यांमुळे तो गाजला, आणि वाद घालणाऱ्या दोन तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्यांची प्रेमकथा मराठी माणसाला परकी वाटत नाही याची ती आधुनिक साक्ष ठरली.

येथपर्यंतचे विवेचन प्रेमकलहाच्या बाजूने झाले. परंतु त्यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. शिव आणि शक्ती यांना ज्ञानेश्वर पूर्णपणे समान मानतात, म्हणून त्यांचे भांडण हा खेळ ठरतो. जेथे भांडणाऱ्या दोघांची पायरी समान नाही तेथेही हाच शब्द वापरला तर तो अन्यायावरचे पांघरूण होऊ शकतो. याची कसोटी पाहण्यासाठी नामदेवांच्या घराबाहेर जाण्याची गरज नाही. त्यांची पत्नी राजाई हिच्या नावाने परंपरेने ज्या तक्रारी जपल्या आहेत त्या रुसव्याच्या नाहीत. नवरा देवाच्या नादी लागला आणि घरात पोरांना खायला नाही, अशा त्या आहेत. महिपतींच्या भक्तविजयात (१७६२) परिसा भागवताच्या पत्नीने राजाईला क्षणभर परीस दिला, त्याने लोखंडाचे सोने झाले, आणि हे कळताच नामदेवांनी तो परीस चंद्रभागेत टाकून दिला, अशी कथा आहे. कीर्तनात ती वैराग्याचा आदर्श म्हणून सांगितली जाते. राजाईच्या बाजूने पाहिले तर तिच्या चुलीचा प्रश्न अनुत्तरित ठेवून ती पुढे सरकते. शिंप्याच्या कुळात जन्म का दिला, हा नामदेवांचा देवाला विचारलेला जाबही याच जातीचा आहे. देवळातून उठवले जाणे हा मान नव्हे, अपमान आहे, आणि अपमानाला लीला म्हणण्याचा अधिकार अपमान करणाऱ्याला नसतो.

या आक्षेपाने प्रेमकलहाची कल्पना खोटी ठरत नाही, पण तिच्या सीमा ठरवणे भाग पडते, आणि त्या सीमा वर आलेल्या उदाहरणांतूनच काढता येतात. खऱ्या प्रेमकलहात बोलणाऱ्याला विजयापेक्षा उत्तराची अपेक्षा असते, जशी कृष्णाला रुक्मिणीकडून होती. त्यात रुसण्याचा आणि समजूत काढून घेण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणूनच दिंडीरवनात रुक्मिणी जाऊन बसते तसा वनात शिवही निघून जातो. आणि त्यात हरणाऱ्याची भाकरी, प्रतिष्ठा किंवा जागा पणाला लागलेली नसते. हरलेला फड पुढच्या जत्रेला पुन्हा उभा राहू शकतो. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर ती तक्रार आहे, आणि तक्रारीला गोड नाव देण्याऐवजी तिचे निवारण करणे हाच तिच्यावरचा उपाय आहे. औंढ्याच्या कथेचा बारकावा येथे उपयोगी पडतो: नामदेवांना मागे बसवले गेले तेव्हा देवाने त्यांची समजूत घातली नाही की ही आपली लीला आहे म्हणून, देऊळच फिरले. परंपरेने स्वतःच्या कथेत तक्रारीला दिलेले उत्तर असे वास्तूच बदलणारे आहे.

प्रेमकलहाचा आणखी एका भावाशी गोंधळ होऊ नये. भागवताच्या सातव्या स्कंधात गोपींनी कामाने, कंसाने भयाने आणि शिशुपालाने द्वेषाने देवाला मिळवले असे सांगितले आहे, आणि या तिसऱ्या प्रकाराला विरोधभक्ती म्हणतात. शिशुपालही आयुष्यभर कृष्णाशी भांडलाच. पण त्याच्या भांडणाचा शेवट असा झाला की त्याचे तेज कृष्णात विलीन झाले आणि बोलणे कायमचे थांबले. त्याला मुक्ती मिळाली, उत्तर मिळाले नाही. नामदेव, जनाबाई आणि त्यांच्यामागून आलेला वारकरी संप्रदाय मुक्तीपेक्षा पुन्हा जन्म घेऊन भक्ती करणे पसंत करतो, त्याचे एक कारण येथे दिसते: विलीन झालेल्याला बोलता येत नाही. नारदभक्तिसूत्रांत काम, क्रोध आणि अभिमान हेसुद्धा ईश्वराच्याच ठायी करावेत असे म्हटले आहे, त्याचा अर्थही क्रोध नष्ट करा असा नसून तो ज्याच्याकडून उत्तर येईल त्याच्यापाशी न्या, असा घेता येतो.

तेव्हा अद्वैतात भांडण कोणी कोणाशी करायचे, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येते की अद्वैत हे भांडणाच्या आड येत नाही. उलट जे तुटण्याची भीती नाही तेच नाते मनसोक्त भांडू शकते, आणि तुटण्याची भीती नसणे हेच अद्वैताचे संसारातील रूप आहे. विसोबांनी नामदेवांना शिकवले ते हे की देवाला सोडून जाता येईल अशी जागाच नाही. ज्याला सोडून जाता येत नाही त्याच्यावर रुसायला हरकत नाही, आणि ज्याला आपल्यावाचून जायला जागा नाही त्याची समजूत काढायलाही. मात्र ही मोकळीक ज्यांची पायरी समान आहे त्यांनाच शोभते. जेथे ती समान नाही तेथे आधी पायरी समान करणे हा धर्म आणि भांडणाचे कौतुक त्यानंतरचे.

पंढरपूरची आषाढी वारी आटोपल्यावर पंधरवड्याने येणाऱ्या आषाढ वद्य एकादशीला हिंगोली जिल्ह्यात आणि आसपासच्या मुलखात परतवारी म्हणतात. देवाला भेटून आलेले वारकरी त्या दिवशी देवाशी भांडणाऱ्याला भेटायला कयाधूच्या काठी नर्सीला येतात.